नळीतला पीळ आणि सासऱ्यांची खोडी

नेमबाजी मी शिकले ती मुलीमुळे. मालाडला एका इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथे मंडपाचं सामान भाड्याने मिळायचं त्या हॉलमध्ये, एअर रायफलचा क्लास निघाला आणि मी तिला सोडायला जाऊ लागले. चौथ्या दिवशी ती कंटाळली. मी कंटाळले नव्हते. अडतिसाव्या वर्षी, विमा कंपनीतली नोकरी सांभाळून, मी तिच्या जागी उभी राहिले. घरी दोन महिने कुणाला सांगितलंच नाही. मुलीला आइस्क्रीमवर गप्प बसवलं होतं.

आमचे सर पन्नाशीचे, शिकवायला उत्तम आणि मताला एकदम घट्ट. छर्रा, म्हणजे एअर रायफलची शिशाची बारकी गोळी, जड हवा, हे त्यांचं मुख्य मत. लाल डब्यातले परदेशी जड छर्रे सोडून कुणी दुसरे आणले, तर ते डबा उघडूनही बघायचे नाहीत.

वर्षभराने मी स्वतःची जुनी रायफल घेतली आणि माझी वाट लागली. क्लासच्या रायफलवर नऊ-दहाच्या घरात बसणारे नेम आता सातात, सहात, कुठेही जायला लागले. सरांनी माझा श्वास बदलला, पाय बदलले, चष्मासुद्धा बदलायला लावला. नेम तिथेच. शेवटी ते म्हणाले की माझं लक्ष घरात असतं. तेही खोटं नव्हतं, पण क्लासच्या रायफलवर नेम बसायचे तेव्हाही ते घरातच असायचं.

वापरलेली टार्गेटची कार्डं मी घरी आणायचे, कारण आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मागच्या कोऱ्या बाजूवर बाजाराची यादी लिहायला ती आवडायची. बाबा मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी गोरेगावच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवली. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या स्क्रूंच्या मागे लागले आणि दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांत करकरणारं एकही दार उरलं नाही. मग स्क्रू संपले आणि बाबा गप्प गप्प राहायला लागले. एका रविवारी यादी करायला घेतलेलं कार्ड त्यांनी उलटं केलं, भिंग काढलं आणि बराच वेळ बघत बसले.

"ह्यां भोक गोल नाय गो," ते म्हणाले. "तुझी गोळी डुलत जाता."

मी बघितलं. खरंच, निम्मी भोकं लांबट होती. वर्षभर मी कार्डावर आकडे बघत होते, भोकांकडे बघितलंच नव्हतं.

बाबांनी मला समजावलं ते असं. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्या छर्र्याला भोवऱ्यासारखं फिरवून सोडतात, म्हणून तो सरळ जातो. स्क्रूच्या आट्यांना जशी चाल असते तशी या पिळालाही असते: किती इंचांत एक फेरा. छर्रा जड, म्हणजे लांबीला जास्त. लांब छर्र्याला फेरा लवकर पूर्ण होणारा पीळ लागतो. पीळ सैल असेल तर तो डुलतो आणि कागदावर तिरका पडतो. परदेशात लोक आपापल्या बंदुकीचा पीळ मोजून त्याला जमतील अशी काडतुसं घरी भरतात, हे त्यांनी त्याच आठवड्यात फोनवर व्हिडिओ बघून शोधलं. आपल्याकडे तसलं घरी करता येत नाही हे मी त्यांना लगेच सांगितलं, कारण त्यांच्या डोळ्यांत मला वर्कशॉप दिसायला लागलं होतं. मग छर्रे तरी जुळवू, म्हणाले.

आई, म्हणजे सासूबाई, गच्चीवर मिरच्या वाळवायला गेल्या की आमचं काम सुरू व्हायचं. बाबांनी साफ करायच्या सळीला जुन्या बनियनचा तेलात भिजवलेला तुकडा घट्ट गुंडाळला, मागच्या टोकाला चिकटपट्टीचा झेंडा लावला आणि सळी नळीतून हळूहळू ढकलली. खाचांत कापड अडकून सळी फिरते, तिच्याबरोबर झेंडाही फिरतो. पण नळी एवढी आखूड की पूर्ण फेरा होईना. म्हणून त्यांनी अर्धा फेरा मोजला. अकरा इंच. दुप्पट केले, बावीस. एवढा सैल पीळ आजकाल कुणी ठेवत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. चौकशी केल्यावर कळलं, आधीच्या मालकाने नळी कुठूनतरी बदलून घेतली होती.

मग हलके छर्रे आणले, निळ्या डब्यातले, सरांच्या मते फक्त जत्रेतले फुगे फोडायच्या लायकीचे. ते वजनाने सारखे हवेत म्हणून एकेक तोलायचं ठरलं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घरात एकच होता, आईंचा. त्या मालवणी मसाला करून विकतात आणि जायपत्री, दगडफूल त्यावर तोलतात. आम्ही काट्यावर प्लास्टिकची वाटी ठेवून तीनशे छर्रे तोलले. तीनशेएकावा तोलताना आई दारात उभ्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. शिसं विषारी असतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काटा उचलला, तो आता तुमचाच म्हणाल्या, मला उद्या नवीन पाहिजे. मग खाली बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं. सर ऐकणार नाहीत ही माझी अडचण त्यांना जास्त आवडली. त्यांनी पूर्वी एकदा एकच मसाला दोन पाकिटांत भरला होता, एकावर तिखट लिहिलं होतं, दुसऱ्यावर मध्यम. गिऱ्हाइकं दोन्हींतला फरक त्यांना तासभर समजावून सांगायची.

"डबा बदल," त्या म्हणाल्या. "माणूस जिभेने चाखत नाही, डोळ्याने चाखतो."

पुढच्या शनिवारी बाबा माझ्याबरोबर मालाडला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. लाल डब्यात आमचे तोललेले हलके छर्रे होते, निळ्यात सरांचे जड. मी सरांना म्हटलं, माझा हात बिघडलाय की रायफल, ते कळत नाही. तुम्हीच माझ्या रायफलने दोन्ही डब्यांतले पाच-पाच मारून बघा. बाबांनी छर्रे भरून देण्याची सेवा अगदी नम्रपणे मागून घेतली, म्हणजे सरांच्या हातात छर्रा पडणारच नव्हता. जाड बोटांनी ते एकेक आत सरकवत होते. चेहऱ्यावर देवळातल्या पुजाऱ्याचा भाव.

निळ्या डब्यातले पाच कार्डभर पसरले. लाल डब्यातले पाच मिळून जवळजवळ एकच भोक झालं.

सरांनी कार्ड सगळ्यांना दाखवलं. चांगल्या छर्र्याला पर्याय नाही, यावर ते दहा मिनिटं बोलले. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि ती बराच वेळ बांधत राहिले. वर बघितलं तर बाबा हसत नव्हते. ते सरांच्या हाताकडे बघत होते. मला नंतर म्हणाले, एवढा स्थिर हात त्यांनी त्यांच्या वर्कशॉपात दोघांचाच बघितला होता.

मग बाबांनीच सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता. लाल डबा सरांच्या तळहातावर ओतला. सरांनी एक छर्रा बोटांत धरून उजेडात बघितला, कानापर्यंत लाल झाले आणि पुढच्याला नेम घ्यायला सांगितलं. त्या क्षणी मला आमची खोडी फार स्वस्त वाटली. दारं लावून, फक्त सरांनाच सांगायला हवं होतं.

शिक्षा झालीच. महिनाभर क्लास संपल्यावर टार्गेटमागच्या पेटीतलं शिसं गोळा करायचं, हातमोजे घालून. मी केलं. सर माझ्याशी कामापुरतं बोलत होते, पण हलक्या छर्र्यांना नाही म्हणाले नाहीत. माझी भोकं गोल झाली आणि उपनगरांच्या स्पर्धेत मी सातवी आले. सातवी म्हणजे फार काही नाही. आईंनी तरी शेजारी सगळ्यांना सांगितलं, नंबर न सांगता.

महिना संपला त्या दिवशी सरांनी विचारलं, तुमचे बाबा रविवारी मोकळे असतात का. बाबा तेव्हाही मोकळेच होते, पण निरोप मिळाल्यावर बघू म्हणाले आणि एक रविवार मुद्दाम जाऊ दिला. त्याच्या पुढच्या रविवारी सळी आणि बनियनचा तुकडा घेऊन गेले. सरांनी स्वतःची रायफल काढून दिली. झेंडा आठ इंचांत अर्धा फिरला.

"तुमचां बरोबर हा, सर," बाबा म्हणाले. "तुमच्या नळीक जडच व्हयो."

सरांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा आठच आले. मग ते पहिल्यांदा हसले आणि बाबांसाठी चहा मागवला, माझ्यासाठी नाही.

आता बाबांनी तिथल्या प्रत्येक रायफलची वही ठेवली आहे: नळी, पीळ, कुठला छर्रा. ती ते मलाही बघू देत नाहीत. रविवारी सकाळी माझ्याआधी तेच तयार होतात आणि मला उशीर झाला तर रिक्षाने एकटे पुढे निघून जातात.