देवीचे मासे आणि तेरा इंची फिन्स

७ मे १९५५ रोजी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी पासलीजवळच्या एका वाडीतील अठरा घरांचे पिण्याचे पाणी गढूळ केले. हेतू पूर्णतः शास्त्रीय होता.

माझ्या मामांच्या त्या वाडीत, देवळाखालच्या डोहात देवीचे मासे होते. देवीचे, म्हणून त्यांना कोणी गळ लावत नसे. आणि गळ लावत नसत, म्हणून त्यांची जात कोणती हे पुण्यातील आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही ठाऊक नव्हते. नमुना आणणे अशक्य. मग पाण्याखालून छायाचित्र! मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वयात 'अशक्य' हे फक्त दुसऱ्यांसाठी असते.

मामांनी वाडीला शब्द दिला, "माजी भाची हाय. पाणी हलायचं न्हाई." (ओढा आटला होता, सगळी वाडी त्या एका डोहावर.)

बिस्किटांच्या डब्याला काच बसवून, सांधे मेणाने बुजवून आत बॉक्स कॅमेरा ठेवला; खटका दाबायला आणि फिल्म फिरवायला दोन तारा बाहेर काढल्या. प्रश्न उरला तो पायांत घालायच्या रबरी फिन्सचा. भोरच्या एस.टी. स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडून ट्रकच्या ट्यूबचे तीन जोड कापून घेतले: सहा, नऊ आणि तेरा इंची.

"ताई, ह्ये घालणारा माणूस हाय का राक्षस?" काकांनी विचारले.

मी तीन कोष्टके मांडली, एक आलेख काढला. फिनचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका रेटा मोठा. रेटा मोठा, तर श्वास संपण्याच्या आत मासा गाठता येणार. निवड: तेरा इंची! (रेटलेले पाणी कुठे जाते, असा रकाना कोष्टकात नव्हता.)

"पायाला एवढी सुपं कशाला गं?" मामींनी विचारले.

"मामी, यामागे गणित आहे."

"आसंल. पर खाली गाळ हाय."

"तोही धरला आहे."

धरला नव्हता!

तेरा इंची फिन्स घालून पुढे चालता येत नाही, हा शोध काठावर लागला. म्हणून मामींचे नऊवारी लुगडे घट्ट खोचून, वाडीकडे तोंड करून, मी उलट्या पावली डोहात शिरले. पहिल्या लाथेला तळ हलला. तिसरीला हातातला डबा दिसेनासा झाला. मासे पुढे सरकले असावेत, असे अनुमान काढून मी आणखी जोरात पाय मारले आणि आठही फोटो काढून टाकले.

वर आले तेव्हा काठावर रिकामे हंडे घेतलेल्या बायका उभ्या होत्या.

"च्या केलास व्हय डोहाचा?" सखूआजींनी विचारले.

"आजी, तासाभरात गाळ बसेल."

"कशावरनं?"

"कणांच्या आकारावरून."

"मंग कणांना सांग, सुनंला सैपाक करायचाय!"

मामांनी फेटा काढून हातात घेतला. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "शबुद म्या दिला व्हता." मला परत पाण्याखाली जावेसे वाटले. एवढ्यात मामींनी खडकावरून मूठभर भात टाकला, आणि हातहातभर लांबीचे मासे माझ्या गुडघ्यांपाशी तोंडे वासून वर आले.

"रोज येत्यात," मामी म्हणाल्या. "हितं उभी ऱ्हाऊन फोटू काढायचास की! कुणाला इचारलंस?"

गाळ तासाभरात बसला नाही. संध्याकाळपर्यंतही नाही. दहा वाजताच मामांनी दोन हंडे उचलले आणि डोंगरावरच्या लांबच्या झऱ्याची वाट धरली. ते मी त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतले. निरीक्षणे त्याच दिवशी नोंदवावीत, असा आमच्या प्राध्यापकांचा दंडक असल्यामुळे दिवेलागणीला मी वही उघडली: ओळखलेल्या जाती – शून्य. झऱ्यावर भरलेले हंडे – सतरा. वाडीपर्यंत न सांडता पोहोचलेले – चार.