अर्धा इंच

खालच्या मजल्यावरचे काका नसते तर मी आज भोपाळात नसतो. आणि काकांच्या उजव्या हाताला अंगठा नसता, तर आमच्या अख्ख्या अयोध्या नगर वस्तीत ताणलेली एकही वस्तू धड राहिली नसती. कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस जगाकडे डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त बघायचा. वाळवणाची दोरी दिसली, दाब अंगठा. खाटेची नवार दिसली, दाब अंगठा. एकदा गल्लीत लग्नाचा मांडव उभा राहिला, तर वरात यायच्या आत काकांनी त्याचे सगळे दोर दाबून दोन सोडायला लावले. "अर्धा इंच दबलं पाहिजे. त्याहून कमी तर तुटतं, जास्त तर घसरतं," हे ते देवाची शपथ घेतल्यासारखं सांगत. माणसांना मात्र ते गावाच्या नावाने हाक मारत. दूधवाला सीहोर, घरमालकीणबाई उज्जैन, आणि नववीत शाळा सोडून इथवर आलेला मी, हिंगोली. "काय हिंगोली, जेवलास का?" या शहरात माझ्या गावाचं नाव रोज मोठ्याने घेणारा तो एकच माणूस होता.

मी वरच्या खोलीत एकटा राहायचो आणि समोरच्या गल्लीतल्या आजींची जुनी गाडी चालवायचो. आठवड्यातून दोनदा त्यांना साकेत नगरच्या दवाखान्यात न्यायचं, बसायचं, आणायचं. बाकी वेळ मी आईला फोन करायचो. दिवसातून चार वेळा. जिन्यात बसून बोलताना काका ऐकायचे आणि खालून ओरडायचे, "अरे, त्या माउलीला पोळ्या करू दे! किती ओढून धरशील?"

एका सकाळी गाडी सुरू करताच बकरं कापल्यासारखी किंचाळायला लागली. दिवे लावले की आणखी जोरात. आजींचा मुलगा इंदूरला असतो, तो फोनवर म्हणाला, "रविवारी येतो. गाडीत दम नसेल तर विकून टाकू, आई टॅक्सीने जाईल." गाडी गेली की ड्रायव्हर कशाला लागतो? नाक्यावरच्या मिस्त्रीने बोनेटला हातसुद्धा न लावता अस्सल भोपाळी थाटात निकाल दिला, "खां, डायनमो गया समझो." मी गाडी गल्लीत आणून उभी केली, बोनेट उघडलं आणि नुसताच बघत राहिलो. डोक्यात हिंगोलीची परतीची गाडी चालू झाली होती.

तेवढ्यात काका आले. अंगात बनियन, हातात पाण्याचा तांब्या. "चालू कर," म्हणाले. इंजिन किंचाळलं. काकांनी लांबूनच डायनमो फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर चार थेंब शिंपडले, अगदी तुळशीला घालावं तसे. किंचाळी दुप्पट झाली. काकांचा चेहरा मुलगी पास झाल्यासारखा खुलला. "डायनमो ठणठणीत आहे रे! पट्टा घसरतोय. बंद कर." मग पट्टा ज्यांवरून फिरतो त्या दोन छोट्या चाकांच्या मधोमध त्यांनी अंगठा टेकवला. पट्टा चांगला इंचभर आत गेला.

निवृत्त झाल्यापासून पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. "हात तुझे, अंगठा माझा." म्हणून मी डायनमोचे दोन बोल्ट सैल केले, टॉमीचा लोखंडी दांडा घालून तो बाहेर रेटला आणि भीतीपोटी सगळा जीव लावून पट्टा आवळला. वाटलं, आता जन्मात घसरणार नाही. काकांनी दाबला. जागचा हलला नाही.

"सोड."

"काका, असू द्या ना. परवा तो येणारे..."

"अरे, बेअरिंग रडेल! घाबरलेल्या माणसाने आवळलेला पट्टा लगेच ओळखू येतो. सोड म्हणतो ना."

चौथ्या खेपेला अर्धा इंच जमला. रविवारी आजींच्या मुलाने गाडी सुरू केली, दिवे लावले, पंखा लावला. आवाज नाही. "बरी चाललीये की," म्हणून तो चहा प्यायला आत गेला. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्यापाशी काका पाऊण तास एकच कोथिंबिरीची जुडी निवडत उभे होते, ते मग ती न घेताच घरी गेले.

त्या संध्याकाळी मी पेढे द्यायला त्यांच्याकडे गेलो. खोलीत दोन खाटा होत्या. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी काका दोन्ही खाटांची नवार ओढत बसले होते. "एकच ओढली तर दुसरी सैल दिसते," एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या बाजूने धरलं. पुढे दर रविवारी धरत गेलो.

गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात काकांचा पाय घसरला आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी दोन्ही खाटा मी एकटाच ओढतो. एक टोक गुडघ्याखाली दाबून धरावं लागतं. मग फोन लावतो, "काका, हिंगोली बोलतोय." ते विचारतात, "किती दबते?" मी सांगतो, "अर्धा इंच."

काका, तुमच्या उपकाराची फेड माझ्याच्याने सगळी व्हायची नाही. पण तुम्ही परत याल त्या दिवशी स्टेशनावर मी तीच गाडी घेऊन उभा असेन, आजींना आत्ताच विचारून ठेवलंय. बोनेट उघडंच ठेवीन. आधी दाबून बघा, मगच बसा.