रिकाम्या खोलीतलं गाऱ्हाणं

फुकट खोली देतो म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी तर ठेवला नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, पण समोरचा कशासाठी गोड बोलतोय ते मला कळतं. मिरकरवाड्याला बंदरावर जन्मभर जाळी शिवली. बायको गेली, आम्ही राहायचो ती भाड्याची खोली मालकाने पाडली, तेव्हा एका बोटवाल्याच्या जाळी ठेवायच्या खोपीत पथारी टाकली. कुणापुढे हात पसरला नाही. मुंबईला पुतण्या आहे, त्यालाही कळवलं नाही. अशात एका संस्थेची पोर आली. मानसी तिचं नाव, मूळची देवरूखची. उघड्यावर राहणाऱ्यांना घर मिळवून देतो म्हणाली. मी मनात म्हटलं, निवडणूक आली असणार, नाहीतर हिला माझा फोटो कुठेतरी छापायचा असणार.

खोकला हटेना म्हणून एकदा तिने दिलेल्या खोलीत राहायला गेलो. गावाच्या वरच्या अंगाला, इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली. चावी हातात दिली, हात जोडले आणि संस्थेचे सगळे गाडीत बसून निघून गेले. आता आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, जागेवाला. नव्या घरात राहायचं तर नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं घालायचं. एकाने बोलायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. मी नारळ ठेवला, बोललो आणि थांबलो. डोक्यावर पंखा तेवढा फिरत होता. शेजारची दारं बंद. आपलं आपणच होय म्हणावं तर जीभ वळेना. मला वाटलं, इथला धनी मला ठेवून घेत नाही. चावी कडीला अडकवली आणि खाली उतरून परत बंदरावर आलो.

मानसी पुन्हा आली. रागावली नाही, म्हणून मला जास्तच संशय आला.

“आबा, खोलीत काय कमी होतं?”

“तुझ्या साहेबाला विचार.”

“त्यांनीच पाठवलंय विचारायला. तुमच्यासारखे आणखीही लोक परत रस्त्यावर आलेत. चावी दिली की आमचं काम झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. ते चुकलं.”

चुकलं म्हणून सरळ कबूल करणारा माणूस मी फार पाहिलेला नाही. म्हटलं, ही तर पक्की तयारीची आहे. पण ती येत राहिली. यायची, समोर बसायची, मी शिवत असेन त्या जाळ्याचं दुसरं टोक धरायची. मी आपला गाठी मारत राहायचो. मग बोटवाल्याने बोट विकली आणि खोप मोकळी करायला सांगितलं. आता अंग टाकायलाही जागा उरणार नव्हती. त्या रागात मी तिच्यावरच खेकसलो, “तुमच्या खोलीत गाऱ्हाण्याला होय म्हणणारं कुत्रंसुद्धा नाही! तिथे काय मरायला राहू?”

ती हसली नाही. सगळं नीट विचारून घेतलं. शेवटी मी बजावलं, “माणसं भाड्याने आणशील तर याद राख.” ती म्हणाली, “नाही आणणार.”

नंतर तिने बंदराजवळच एक जुनी चाळ दाखवली. संस्थेने ती दुरुस्त करून घेतली होती. ज्याचं काम जिथे, त्याला खोली तिथेच बघायची, आधी दाखवायची, राहायला गेल्यावरही विचारपूस करायची, असं त्यांनी आता ठरवलं होतं म्हणे. मी भिंती ठोकून पाहिल्या. कौलं पाहिली. हे बदल्यात काय मागतात, म्हणून शेजाऱ्यांना विचारलं. काही सापडलं नाही, त्यामुळे त्या दिवशी झोप लागली नाही.

राहायला गेलो तेव्हा मानसीला मी रस्त्यावरच थांबवलं. आत एकटा गेलो. दिवा लावला, नारळ ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली. “हे जागेवाल्या महाराजा, तुझ्या जागेत हा म्हातारा आलाय. त्याला मागेपुढे कुणी नाही. काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे आणि त्याला थारा दे रे महाराजा.”

थांबलो. बाहेर कावळा ओरडला, बाकी काही नाही. मी बोचक्याला हात घातला. संपलं, असंच वाटलं. आणि पाठीमागून घोगरा आवाज आला, “व्हय महाराजा!”

दारात एक म्हातारी उभी होती. मासे विकणारी शेवंती, पलीकडच्याच खोलीतली. तिचा आवाज ऐकून ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, “व्हय महाराजा!” मग चाळीच्या टोकापासून आणखी दोघं-तिघं. मी खाली बसलो. तरी तोंडातून पहिला शब्द निघाला तो संशयाचाच. “तुला कुणी शिकवून धाडलं?”

“मला कोन शिकवनार, मेल्या? काडेपेटी हाय काय बघाया आल्ये. गाऱ्हानं कानावर पडलं तर त्वांड मिटून ऱ्हाऊ काय?”

मी दाराबाहेर पाहिलं. मानसी रस्त्यापलीकडे टपरीवर पाठमोरी चहा पीत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल, योगायोग. म्हणू दे, मी भांडणार नाही. शेवंतीची काडेपेटी नेमकी तेव्हाच संपली, एवढं मला पुरे आहे. जन्मभर मी जाळ्याची प्रत्येक गाठ ओढून पाहिली, माणसंही तशीच ओढून पाहिली. त्या दिवशी कळलं की गाऱ्हाणं तेवढं आपण घालायचं, होय म्हणणं आपल्या हातात नाही. ते जिथून यायचं तिथून येतं. आपण दार उघडं ठेवायचं. खोकला अजून आहे, पण रोज दिवा लावतो आणि त्या धन्याला हात जोडतो.

आता नव्या माणसाला संस्था नुसती चावी देत नाही, चाळीतल्यांना कळवते. मानसी मलाही बोलावते. आधी वाटलं, म्हाताऱ्याला फुकट राबवायचा बेत दिसतोय. तरी गेलो. परवा एक माणूस आला, एसटी स्टँडवर झोपणारा. त्याने नारळ ठेवला आणि मला दारात बघून तोंड वाकडं केलं. “तुम्हाला संस्थेने पाठवलंय काय?”

मी म्हटलं, “काडेपेटी आहे काय बघायला आलोय. तुझं चालू दे.”

तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिला. मी टोपी सारखी केली आणि उंबऱ्याबाहेर वाट बघत उभा राहिलो.