ठिपका वर राहू द्या, मास्तर

दिगांबर मिस्त्री गेल्याचं मला एका लॉरी ड्रायव्हरने सांगितलं, तेही तक्रार केल्यासारखं. गुडीहत्नूरच्या टपरीवर तो वैतागून म्हणाला, "हेडलाइट सेट करायची होती, तर मिस्त्रीचं दुकान बंद. परवा वारला म्हणतात." माझ्या हातातला चहा तसाच राहिला... त्याला आता सव्वा महिना होईल. दुःखात माणूस निदान एका जागी बसतो म्हणतात. मला तेही जमत नाही. उठतो, जीपच्या काचा पुसतो, परत येतो, पुन्हा उठतो. बायको विचारते, "काय हरपलं तुमचं?"

दिगांबर हायवेवर गाड्यांचं वायरिंग करायचा, पण खरा जीव हेडलाइटच्या मापात. दुकानासमोर कापसाच्या गोदामाची पांढरी भिंत होती. तिच्यावर त्याने दोन काळ्या रेघा ओढल्या होत्या, एक दिव्याच्या उंचीवर आणि दुसरी तिच्याखाली चार बोटं. पंचवीस फुटांच्या दोरीने मोजून गाडी उभी करायची, आणि मग मागे माणसं बसवायची. रिकाम्या गाडीचं माप त्याला मंजूरच नव्हतं. "मागं वजन पडलं की गाडी नाक वर करते, मास्तर. तुमच्यासारकी." चहाला थांबलेले चार जण तो खुशाल माझ्या जीपमध्ये कोंबायचा. डिपरचा, म्हणजे खाली वळवलेल्या दिव्याचा, झोत खालच्या रेघेच्या जरा वर चढला, की स्क्रू फिरवत बसे. "आपल्याले दिसलं म्हंजे झालं काय? समोरच्याले काऊन आंधळं करता?"

समोरच्याला आंधळं करण्यात मी एकदा पहिला नंबर काढला होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. लिलावातली जीप नुकतीच घेतलेली, आणि दसरा. पूजेसाठी मी ती अशी घासली की शेजारी बघायला आले. तेवढ्यावर थांबेन तर मास्तर कसला! दिव्यांच्या काचा खोलून धुतल्या, परत बसवल्या. काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला तेव्हा नियमाप्रमाणे काळा रंग असायचा. मी बसवल्यावर तो खाली आला, म्हणजे काचा उलट्या बसल्या. अडकवायच्या खाचा झिजलेल्या, त्यामुळे जीपनेही हरकत घेतली नाही.

संध्याकाळी उटनूरहून परतताना समोरून एक मोपेड आली. मी सभ्य माणसासारखा डिपर दिला. मोपेडवाल्याने हात वर केला. मला वाटलं, वा, सणाचा रामराम! मीही हात केला आणि पुढे निघून आलो. आरशात दिवा दिसला नाही, तेव्हा वाटलं वळणाआड गेला असेल. तो कपाशीत पडला होता.

तो दिगांबर होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. डाव्या हाताचं मनगट मोडलेलं. मी गोठ्यात जाऊन जीप पाहिली, काळा रंग खाली पाहिला, आणि कोणी बघायच्या आत काचा सरळ केल्या. मग मोसंबी घेऊन त्याच्याकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं काय? "कशा गाड्या चालवतात हो लोक!"

"चालवतेत ना," तो म्हणाला. "डिपर देल्ला तर उजेड आखीनच डोयात. वरून हात बी केला त्यानं."

हाताचं प्लास्टर सुटल्यावर त्याने मला भिंतीसमोर बोलावलं. दिव्याच्या ओरखडलेल्या स्क्रूवरून बोट फिरवलं. "कोनी खोललं होतं काय?"

"नाही."

तो आत गेला, बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन आला आणि दोन्ही काचांच्या वरच्या कडेला एकेक लाल ठिपका लावला. "ठिपका वर राहू द्या, मास्तर." मी मनाची समजूत घातली, सगळ्यांनाच लावत असेल. दरवर्षी दसऱ्याआधी तो ठिपका ताजा करायचा, आणि मी निघालो की तो वाकडा डावा हात वर करायचा. मीही हात करायचो...

गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्याच्या बायकोला, वैनींना, भेटायला गेलो. दुकानाच्या आसपास दोन लॉऱ्या, एक ट्रॅक्टर आणि एक जीप उभी होती. मी वाकून वाकून सगळ्यांचे दिवे तपासले. ठिपका एकावरही नव्हता.

"तिथं काय पाहून राह्यले?" वैनी म्हणाल्या. "माही बाटली ते फकस्त तुमच्या जीपसाठी नेत. मी इचारलं, काऊन? तर म्हनत, मास्तर सांगंल एक दिवस. तवरोक लावत राहू."

त्यांनी बाटली आणून माझ्या हातात दिली. तळाशी थोडा रंग उरलेला. जीपमध्ये बसलो, वळवली. दिव्यांचा झोत भिंतीवर पडला, बरोबर खालच्या रेघेखाली. सवयीने हात वर गेला. वैनींनीही दारातून हात केला.

पन्नास पावलं गेलो असेन. मग ब्रेक मारला, जीप मागे घेतली आणि उतरलो.