आधी इंजेक्शन, मग रक्त

उस्मानपुऱ्यातल्या डायलिसिस सेंटरात विशाखा अकरा वर्षं टेक्निशियन आहे. रक्त, उलटी, पू, कशाचीच किळस तिला उरलेली नाही. किळस येते ती एकाच हातमोज्यांनी तीन पेशंटच्या नळ्या जोडणाऱ्या सहकाऱ्यांची. मोज्यांची खोकी कपाटात सुखरूप असतात. तपासणी पथक आलं की बाहेर येतात, फोटोत दिसतात, परत आत जातात.

तिथली आणखी एक रीत. पेशंटला हुडहुडी भरली की आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन, मग तपासणीसाठी रक्त. औषध अंगात भिनल्यावर जंतू कशाला सापडतोय? रिपोर्ट यायचा, ‘जंतू आढळले नाहीत’. मालक डॉक्टर तो समाधानाने फायलीला लावायचे.

गंगापूरच्या काकासाहेबांच्या मानेत तीन आठवड्यांसाठी घातलेली नळी आठ महिने तशीच होती. ताप आला की त्यांच्या पत्नी आशाबाई गावातल्या मेडिकलातून गोळ्या आणत. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या शेजारणीच्या गुडघ्यांना देत.

एके दिवशी मशीनवर काकासाहेब पुन्हा कापू लागले. दोन महिन्यांतली तिसरी खेप.

“ताई, लई थंडी वाजू राह्यली.”

नर्सने इंजेक्शन भरलं. विशाखाने तिचा हात धरला. “थांब. आधी रक्त घेऊ दे.”

“सर ओरडतील.”

“ओरडू दे. आणखी एकदा अंदाजाने औषध दिलं, तर काका जातील.”

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू सापडला होता. त्याच्यावर एकवीस औषधं तपासलेली, त्यांतली वीस निकामी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “हे पाठवलं कुणी?” मग नळी बदलायला सांगून त्यांनी उरलेलं एकविसावं औषध लिहिलं आणि आशाबाईंपुढे सहीचा कागद सरकवला.

“या औषधाने किडनीला इजा होऊ शकते.”

काकासाहेबांनी ब्लँकेटातून तोंड बाहेर काढलं. “किडनीला? ती ऱ्हायलीय कुठं, सायेब? द्या बिनघोर.”

पाचव्या दिवशी ताप उतरला. त्याच संध्याकाळी शेजारच्या मशीनवरच्या सरूबाई कापू लागल्या. विशाखाने आधी रक्त घेतलं. रिपोर्टात तोच जंतू निघाला. तीच वीस औषधं निकामी.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी सेंटरात लॅमिनेट केलेली नोटीस लागली: ‘मालकांच्या लेखी परवानगीशिवाय रक्ताचे नमुने बाहेर पाठवू नयेत.’