थप्पीखालची पिलं

इद्रीस परकारला दुबईतल्या जबल अलीच्या त्या यार्डात सव्वीस वर्षं झाली होती. लोखंडी पाइपांच्या थप्प्या, त्यांवरचे नंबर, येणारे-जाणारे ट्रेलर, सगळं त्याच्या ताब्यात. म्हसळ्याजवळच्या गावातून आला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. आता गुडघे जिना चढताना कुरकुरत, आणि त्यात यंदाचा रमजान. दुपारनंतर तो सावलीतसुद्धा भिंतीला धरूनच उभा राहायचा.

अकरा नंबरच्या थप्पीखाली बीळ आहे, हे त्याला वासावरून कळलं. वाकून पाहिलं, तर पाइपांना टेकू दिलेल्या ओंडक्यांखालची वाळू उकरलेली, तोंडाशी पिसं आणि उंदराचं शेपूट. त्याचा बाप ठासणीची बंदूक घेऊन डोंगरात रानडुकरांच्या मागे जायचा, आणि लहानपणी इद्रीस त्याच्याबरोबर असायचा. पाहताक्षणी तो समजला, आत पिलं आहेत.

दोन दिवस तो पहाटेच्या नमाजनंतर लांब उभा राहून बघत राहिला. आपल्याकडच्या कोल्ह्याहून लहान, मोठ्या कानांच्या खोकडांची जोडी होती. नर तोंडात काहीतरी आणायचा, बिळाशी टाकायचा आणि निघून जायचा. मादी बाहेर येऊन तेवढं घेऊन परत आत. तिसऱ्या दिवशी चार पिलं उजेडात आली, मातकट, पायांत अडखळणारी.

त्याच दिवशी जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसातून तनिषचा फोन आला. तनिष दुबईतच वाढलेला, इद्रीसच्या मुलाच्या वयाचा, पण त्याचा मॅनेजर.

"चाचा, अकरा नंबर उद्या सकाळी सातला लोड करायचाय. फुजैराला अर्जंट आहे."

"साहेब, खाली खोकडीची पिलं आहेत. चार दिवस द्या."

"फॉक्स? सीरियसली? पेस्ट कंट्रोलला बोलवा, खलास. ट्रेलर थांबणार नाही."

इद्रीसनं पेस्ट कंट्रोलला फोन केला नाही. बाप सांगायचा, पिलं असलेल्या मादीवर बंदूक उचलायची नाही. तिला हलवायचं असेल तर बिळाशी माणसाचा वास ठेवायचा, ती स्वतःच पिलं नेते. इफ्तारआधी त्यानं दिवसभर घामात भिजलेला शर्ट काढून बिळाच्या तोंडाशी ठेवला आणि बनियनवर खोलीत गेला.

पहाटे तो कुंपणाजवळ उभा होता. मादीनं पहिलं पिलू मानेला धरून जाळीखालच्या फटीतून पलीकडच्या वाळूच्या ढिगाऱ्यात नेलं. मग दुसरं. तिसरं नेईपर्यंत उशीर झाला. सूर्य वर आला, कंपनीच्या बस आल्या, क्रेनचं इंजिन सुरू झालं. मादी कुंपणापलीकडे थांबली, एक पाऊल टाकायची आणि मागे फिरायची. चौथं आतच होतं.

"यल्ला चाचा, बाजूला व्हा," क्रेनवाला ओरडला.

"नाही होत," इद्रीस म्हणाला आणि थप्पीसमोर वाळूत बसला. उठायला पुन्हा त्रास होणार, हे त्याला माहीत होतं.

ट्रेलरवाल्यानं हॉर्न वाजवला, कोणीतरी तनिषला फोन लावला. पिलाला माणसाचा वास लागू नये म्हणून इद्रीसनं हातांना वाळू चोळली, पोटावर सरपटत आत हात घातला. पिलू कोपऱ्यात चिकटून बसलं होतं. पुठ्ठ्यावर सरकवून त्यानं ते फटीशी नेऊन ठेवलं, क्रेन बंद करायला लावली आणि सगळ्यांना मागे हटवलं.

"पंधरा मिनिटं. एवढंच मागतो."

पंधराची चाळीस झाली. शेवटी भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, मादी आली, पिलू उचललं आणि गेली. क्रेनवाल्यानं इंजिन पुन्हा चालू केलं.

दुपारी ऑफिसातून ताकीदपत्र आलं. इद्रीसनं उभ्या उभ्या सही केली.

संध्याकाळी त्यानं गावाला बायकोला, जैनबला, फोन लावून सगळं सांगितलं.

"चारही गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"आणि तुमची ईदची सुट्टी?"

"आता कुठल्या तोंडानं मागू?"

ती हळूच म्हणाली, "बरं. बकरीदला बघू." पुढे ती आंब्याचा मोहर कसा गळला ते सांगत राहिली. इद्रीस अर्धं ऐकेपर्यंत झोपला होता, बूट पायांतच.