फाईल वाचून दाखवताना

आमच्या कामात हातांपेक्षा पेन जास्त चालवावं लागतं, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी दुसरं काहीतरी शिकले असते, कारण लिहायचा मला पहिल्यापासून कंटाळा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आडव्या माणसाला बसवायचं, बसलेल्याला उभं करायचं, उभ्याला चालवायचं. लोकांच्या लेखी मात्र मी मालिशवाली. छावणी भागातल्या ज्या घराबद्दल मी सांगतेय, तिथली शेजारीण तर माझी स्कूटर थांबली की गॅलरीतूनच ओरडायची, "मावशी, मालिशवाल्या मॅडम आल्या हो!" सुरुवातीला मी तिला फरक समजावून सांगितला. मग नाद सोडला.

मावशी म्हणजे माझ्या पेशंट. वाळूजच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं शिपाई होत्या. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. सकाळी आठला बाहेर पडले की संध्याकाळी सहाला घरी. मधले दहा तास मावशी एकट्या. दार नुसतं लोटलेलं, उशाशी मोबाईल, हाताशी पाण्याचा तांब्या.

कारखान्याच्या निवृत्त लोकांसाठी एक आरोग्य योजना होती, तिच्यातून मी आठवड्यातून तीनदा दुपारी तीन वाजता त्यांच्याकडे जायचे. पण योजना नुसती पाठवत नाही, विचारते. दर बारा भेटींनंतर एक फॉर्म भरून द्यायचा. पेशंटला काय जमत नाही, ते शिकवायला शिकलेला माणूसच का लागतो, आणखी किती दिवसांत काय जमेल. थोडक्यात, वैद्यकीय गरज आहे हे पटवून द्यायचं. शिवाय रोजच्या भेटीची नोंद वेगळी. मी ती पेशंटच्या घरीच, निघायच्या आधी पाच मिनिटांत उरकायचे.

पहिल्याच आठवड्यात मावशींनी मला अडवलं. "काय लिव्हलंस ते वाचून दाव."

मी म्हटलं, "इंग्रजीत आहे मावशी, ऑफिससाठी."

"तीस वर्षं फायली उचलल्या म्या. ह्या टेबलावरून त्या टेबलावर. आत काय लिव्हलंय ते एका सायबानं सांगितलं नाय. आता माझीच फाईल हाय, तर माझी मला वाचून दावायला काय जातंय तुझं?"

माझं काहीच जात नव्हतं. त्या दिवसापासून मी लिहिलेलं मराठीत वाचून दाखवू लागले. आणि तिथंच मी फसले. कारण समोर बसलेल्या बाईला तिच्याच तोंडावर 'तोल अजिबात नाही, डावा पाय ओढते, प्रगती मंद' असं वाचून दाखवायला जीभ वळत नाही. म्हणून मी वाचता येईल असंच लिहू लागले. 'आज चार पावलं टाकली. मन प्रसन्न. प्रगती चांगली.' मावशी ऐकायच्या आणि मान हलवायच्या. चांगलं वाचलं की पुढच्या खेपेला जोरही जास्त लावायच्या, हेही खरंच. मी स्वतःला समजावलं की हेही उपचारच आहेत.

मला त्या घरी जायला आवडायचं, हे सांगून टाकते. आई गेल्यापासून मी सिडकोत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. दिवसाला सहा घरं फिरते. बाकीच्या पाच घरांत मी आले की खुर्ची पुसतात, ट्रेमध्ये पाणी येतं, मॅडम मॅडम होतं आणि मग गुडघा पुढे येतो. गुडघ्याबद्दल बोलून मी बाहेर पडते. मावशी मात्र मला बघून जागच्या हलायच्या नाहीत. "आलीस व्हय? पाणी पी. तांब्या तिथं हाय, घे हातानं." दुसऱ्या महिन्यात मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले. "पोरी, आज तोंड का गं उतरलंय तुजं?" असं मला विचारणारं शहरात दुसरं कुणी नव्हतं. उन्हातून आलेली असायचे, त्यामुळे मी तांब्या उचलून घटाघटा प्यायचे. तांब्या रोज काठोकाठ भरलेला असायचा. मला ते सोयीचं वाटायचं, यापलीकडे मी कधी विचार केला नाही.

आठव्या महिन्यात योजनेकडून तपासणीला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्या येणार हे मला कळवलं नव्हतं. सकाळी अकराला त्या आल्या, घरात मावशी एकट्या. पुढचं मला मावशींनीच सांगितलं. दार लोटून इस्त्रीच्या कपड्यातली, हातात फाईल घेतलेली बाई आत आली आणि मावशी उठल्या. तीस वर्षं साहेब आत आला की उठायचं आणि साहेब बसला की चहा आणायचा, एवढंच त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. झटका डोक्यात आला होता, ही सवय मात्र कुठंतरी खाली अंगात शिल्लक असावी. भिंतीला धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या. उजव्या हाताने चहा ठेवला. अर्धा कप भरून, ओट्याला, मग भिंतीला टेकत, बाहेर आणून दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, छान चालता की!" मावशी म्हणाल्या, "व्हय सायेब."

डॉक्टरीणबाई दहा मिनिटांत गेल्या. मावशी रिकामा कप ठेवायला म्हणून परत आत गेल्या आणि ओट्यापाशी पाय गेला. पडल्या नाहीत, घसरत खाली बसल्या. पण उठता येईना. मोबाईल बाहेर उशाशी. शेजारीण गावाला गेलेली.

तीन वाजता मी गेले तेव्हा त्या फरशीवर बसलेल्या होत्या. चार तास. लुगडं ओलं झालेलं. मला बघून आधी काय म्हणाल्या तर, "सायेबीणबाईला च्या दिला म्या, माज्या हातानं." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रडावं का ओरडावं कळेना. मी दोन्ही केलं. "कुणी सांगितलं होतं उठायला? माझ्यासाठी आठ महिन्यांत एकदा तरी आपणहून उठलात का?"

"तू काय पाहुणी हाईस का?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना धुतलं, लुगडं बदललं, पलंगावर आणलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं. पोराला सांगू नको म्हणाल्या. फाईलमध्ये लिहू नको म्हणाल्या. मी नाही लिहिलं. 'मन प्रसन्न. प्रगती चांगली.' लिहिलं आणि वाचून दाखवलं.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. पेशंट स्वतः चालते, स्वयंपाकघरात जाऊन चहा करते, सबब उपचारांची गरज उरलेली नाही. खाली पुरावा म्हणून माझ्याच नोंदी जोडल्या होत्या. 'प्रगती चांगली' या शब्दांखाली प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पट्टी लावून रेघ मारली होती. त्या डॉक्टरीणबाईंना मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी थकले, कारण त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. जे पाहिलं ते लिहिलं नाही, अशी बाई मी होते.

फेरविचारासाठी अर्ज करता येत होता. त्यासाठी मी पहिल्यांदा मावशींच्या सुनेला फोन लावून नीट चौकशी केली. ती म्हणाली, "मॅडम, लघवीचं इन्फेक्शन दोनदा झालं त्यांना. डॉक्टर म्हणतात पाणी कमी पितात. पण मी रोज सकाळी तांब्या भरून ठेवते, आणि संध्याकाळी बघते तर कधी कधी रिकामा असतो."

रिकामा असतो, कारण तो मी पीत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाकीच्या दिवशी तो तसाच भरलेला राहायचा. बाथरूमपर्यंत एकटीला जाता येत नाही म्हणून मावशी सकाळपासून घोटभरही पाणी घेत नव्हत्या. फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तशीच स्कूटर काढून छावणीत गेले.

अर्ज मी त्यांच्यासमोरच बसून लिहिला. मग वाचून दाखवला. पेशंट दिवसाचे दहा तास एकटी असते. बाथरूम अठरा पावलांवर आहे, आधाराशिवाय तिला पाचच्या वर टाकता येत नाहीत. म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. त्यामुळे दोनदा इन्फेक्शन झालं. तपासणीच्या दिवशी चहा केल्यावर ती चार तास जमिनीवर बसून होती, उठू शकली नाही, कपडे ओले झाले. आधीच्या नोंदींत थेरपिस्टने या गोष्टी लिहिल्या नाहीत, ही थेरपिस्टची चूक. वळताना तोल कसा सांभाळायचा आणि पडल्यावर कसं उठायचं हे शिकवायला प्रशिक्षित माणूस हवा. ध्येय एकच, एकटीने बाथरूमला जाऊन परत येणं.

मावशी भिंतीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "हे समद्या हापिसात फिरंल?"

"दोन-तीन जण वाचतील."

"आन् शिपाई?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लिव्ह. खरं हाय ते." मग, "पर हे बी लिव्ह, च्या चांगला झाला व्हता. कप रिकामा करून गेल्या त्या."

त्यासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती. मी शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं.

बारा भेटी मंजूर झाल्या, शेवटच्या असा शेरा मारून. त्या बारा भेटींत मी मायेने काहीही वाचलं नाही. 'आज नऊ पावलं. वळताना डावीकडे कलल्या. बाथरूमच्या उंबऱ्याला अडकल्या.' मावशींना राग यायचा. रागाने चालायच्या. सुनेने बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवून घेतला, मुलाने उंबरा फोडला आणि वॉकर आणला. पडून उठायचं कसं हे आम्ही गादीवर इतक्या वेळा केलं की शेजारीण खिडकीतून बघून म्हणाली, "मॅडम, ह्याला काय मालिश म्हणतेत का?" अकराव्या भेटीला मी तांब्या उचलला तर तो निम्मा होता. मी आनंदाने आरोळीच ठोकली. मावशी म्हणाल्या, "जाऊन आले ना म्या दोनदा. वॉकर धरून. तुला काय वाटलं?"

बाराव्या दिवशी शेवटचा फॉर्म भरायचा होता. मी तो आदल्या दिवशी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून भरायला घेतला. 'एकटीने चालताना पेशंटला अजून भीती वाटते, सबब आणखी बारा भेटींची गरज आहे' असं लिहून मोकळी झाले. वाक्य खोटं नव्हतं. भीती सगळ्यांनाच वाटते. पण समोरची खुर्ची रिकामी होती, आई बसायची ती, आणि मला एकदम दिसलं की ही गरज कुणाची आहे. हे वाक्य मी मावशींना वाचून दाखवू शकले नसते. मी फॉर्म फाडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर नवा भरला.

"पेशंट वॉकर घेऊन बाथरूमला एकटी जाते आणि परत येते. दिवसा पुरेसं पाणी पिते. पडल्यास उठू शकते. ध्येय पूर्ण झालं. आता थेरपीची गरज नाही."

"म्हंजी तू येनार नाय आता?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "लिव्ह मंग. खरं हाय ते."

पुढचे दोन महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन वाजले की मला काय करावं सुचायचं नाही. मी त्या वेळात दुसरा पेशंट घेतला नाही. कुठेतरी चहा प्यायचे, मोबाईल बघायचे. शेवटी एका बुधवारी न राहवून मी स्कूटर छावणीकडे वळवली. फाईल नव्हती, पिशवी नव्हती. वाटेत पाव किलो पेढे घेतले. शेजारणीनं या खेपेला आवाज दिला नाही, नुसती हसली.

दार लोटलं. मावशी पलंगावर बसलेल्या होत्या. मला बघितलं आणि त्यांनी वॉकर जवळ ओढला. उजवा पाय जमिनीला टेकवला, मग डावा, मी शिकवलं होतं तसाच. उठून उभ्या राहिल्या.

"या मॅडम, या. बसा."

"मावशी, माझ्यासाठी कशाला उठता?"

"आसं कसं? कामाला येत व्हतात तवाची गोष्ट येगळी. आता भेटाया आलात तुमी."

त्यांनी पदराच्या टोकाने माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी सवयीने तांब्याकडे हात नेला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, म्या आणते की गिलासात." आणि वॉकर ढकलत स्वयंपाकघराकडे निघाल्या. पावलं सरळ पडत होती. वळताना तोल जरासुद्धा गेला नाही.

मी खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. आठ महिने आणि वर बारा भेटी मी या बाईला उठवायला खपले होते, आणि आता मला एवढंच वाटत होतं की माझ्यासाठी तरी त्यांनी उठायला नको होतं.